साहेबाचं कोरं इंजिन आन आमचे साडू

अख्ख्या पिंपरी-चिंचवडात, पार चाकणपतोर धरलं तरी, कोरं इंजिन रुळवायला माझ्यासारखा लायक ड्रायव्हर दुसरा कुणी नव्हता. असं म्हणणारे एकटे आमचे साडू, आन कारण एवढंच की माझ्या हातनं कुठलीच गाडी जोरात पळत न्हाई. त्या वेळी मी चाकणच्या बाजारातनं कांदा भरून तीनचाकी टेंपो पिंपरीला आणायचो. चढ लागला की सायकलवाले घंटी वाजवून मला मागं टाकायचे. एकदा तर एका म्हातारीनं चालता चालता मागनं टेंपोत हात घालून कांदे निवडून घेतले, आन त्यातला एक नासका निघाला तर तो परत आणून टाकला. तवा मी तोच चढ चढत व्हतो.

पण माझं ऱ्हाऊ द्या, ही गोष्ट साडूंची हाय. नवी वस्तू नवी म्हणून वापरायची न्हाई, आधी तिला रुळवायची, हा नेम असा पाळणारा माणूस देवानं एकच घडवला आन तो माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीला दिला. साडू पिंपरीच्या एका कंपनीत स्टोअरला कारकून व्हते. कोऱ्या वस्तूंच्या राशीत बसायचं आन खिडकीतनं त्या दुसऱ्याला देत ऱ्हायचं, हे काम. त्या कामानंच त्यांना ही खोड लागली असंल असं मला वाटायचं, पण आक्का, म्हणजे त्यांची बायको, सांगायची की खोड आधीची हाय. लग्नाच्या आधी चार-पाच दिवस साडू बाशिंग बांधून घरात बसले व्हते. ऐन वेळेला कपाळाला टोचायला नको म्हणून. त्यांच्याकडं एक मयतीची बातमी घेऊन माणूस आला तर तो दारातनंच परत गेला, त्याला वाटलं आपण भलत्याच मुहूर्ताला आलो.

साडूंनी नवी चप्पल आणली की पहिल्या दिवशी ती घालून नुसतं खाटेवर बसायचं. मंग उभं ऱ्हायचं. मंग मोरीपतोर जायचं. चप्पल रस्त्यावर यायला पंधरवडा जायचा, पण साडूंच्या पायाला कधी फोड आलेला कुणी बघितला न्हाई. कॉलनीत ही गोष्ट पसरली आन लोक आपल्या नव्या वहाणा साडूंकडं आणून द्यायला लागले. संध्याकाळी कंपनीतनं आल्यावर साडू व्हरांड्यात फेऱ्या मारायचे, एका पायात खालच्या वायरमनची चप्पल आन दुसऱ्या पायात शेजारच्या मास्तरांची. दोन गिऱ्हाइकं एकाच फेरीत. मास्तरांची टाच उंच असल्यामुळं साडू त्या दिवसांत जरा लंगडल्यासारखे दिसायचे, आन नवीन ऱ्हायला आलेली माणसं त्यांना बघून हळहळायची.

घरात रेडिओ आला तर पहिला महिनाभर त्यावर फक्त बातम्या. गाणी एकदम झेपणार नाहीत त्याला, म्हणाले. आक्का बिचारी गुळाचे आन हळदीचे भाव ऐकत भाकऱ्या थापायची. नवीन कुकर घेतला तर त्यात आधी नुसतं पाणी शिजवलं, मंग नुसता भात, डाळीची पाळी यायला सणच उजाडला. मलाबी त्यांनी रुळवलाय. लग्नानंतर दिवाळसणाला मी तळेगावला सासुरवाडीला गेलो, आन साडू थोरले जावई म्हणून मला बाजूला घेऊन म्हणाले, "पाव्हणे, पहिल्या दिवशी दोनच करंज्या. आणि विनोद एकच. घराला तुमची सवय होऊ द्या." मी करंज्या दोनच खाल्ल्या, पण विनोद पाच केले, आन सासरे त्यावर आजपतोर हसले न्हाईत.

पण मला खरं नवल वाटायचं ते वेगळ्याच गोष्टीचं. एवढा जीव लावून एखादी वस्तू रुळवली की साडू ती वापरायचेच न्हाईत. चप्पल काय, लोकांचीच असायची. पण त्यांची स्वतःची स्कूटर! नंबर लावून वर्षानुवर्षं वाट बघायचे दिवस ते. स्कूटर आली. साडूंनी ती अशी जपून, अशी हळू चालवली की मीसुद्धा एकदा त्यांना मागं टाकलं, आन तेवढ्या आनंदात मी टेंपो दोन तास धुतला. आन एक दिवस "झाली आता मोकळी" म्हणून चावी धाकट्या भावाला दिली. भावाला कामावर जायला लांब पडायचं म्हणे. साडू परत सायकलीवर. बसून बसून बरोबर खोलगट झालेली वेताची खुर्ची सासऱ्यांना. मऊ झालेलं घोंगडं आईला. मी एकदा विचारलं, "साडू, तुमी सगळं रुळवता, आन मजा मारतो दुसराच. असं का हो?"

ते म्हणाले, "पाव्हणे, दोन नव्या गोष्टी एकमेकींवर घासल्या, की त्यांना एकमेकींचे कोपरे माहीत नसतात. हळू घासू दिल्या तर गुळगुळीत होतात. घाई केली तर एकमेकींना धरतात, आणि मग काही केल्या सुटत नाहीत."

हे माझ्या प्रश्नाचं उत्तर नव्हतं, पण मला भारी वाटलं. म्हणून मी विचारलं, "मंग तुमचं आन आक्काचं यातलं कंचं झालं?"

"आमचं अजून चालू आहे," साडू गंभीरपणानं म्हणाले. आतनं आक्कानं भांडं आपटलं.

चिंचवड स्टेशनाजवळ एक मिस्त्री व्हते, त्यांना सगळे चाचा म्हणायचे. स्कूटरची इंजिनं खोलण्यात त्यांचा हात धरणारा कुणी नव्हता. एका रविवारी चाचा साडूंच्या दारात आले, आन त्यांच्या हातगाडीवर एक अशी वस्तू व्हती की मी आधी विचारलं, "चाचा, याचं वरचं कुठाय?" चार चाकं, पायलीएवढाली. लोखंडी नळ्यांची चौकट. बसायला परातीएवढी जागा आन तिच्या पाठीमागं बुडाला चिकटून इंजिन. दार न्हाई, टप न्हाई, गिअर न्हाई, क्लच न्हाई. जमिनीपासनं एवढं खाली की बसलेल्या माणसाच्या डोळ्याला मुंगीनं डोळा द्यावा. चाचा म्हणाले, "याला गो-कार्ट म्हणतात. शर्यतीची हाय. बडे साहेब लोकांचा शौक."

कुठल्यातरी कंपनीच्या मोठ्या साहेबाची व्हती ती. साहेब तिला घेऊन मद्रासकडं शर्यतीला गेले, आन तिथं ऐन शर्यतीत इंजिनाचा पिस्टन सिलिंडरला धरला. म्हणजे आतला दट्ट्या तापून नळीच्या भिंतीला चिकटला. चाचांनी सिलिंडर आतनं कोरून घेतला, नवा पिस्टन घातला, सगळं जोडलं. आता ते रुळवायचं व्हतं.

"देखो भाई," चाचा साडूंना म्हणाले, "ये आखरी बोर हाय. सिलिंडरची भिंत पातळ झालीय. पुन्हा धरलं ना, तर कोरायला आत काही उरलंच न्हाई. दुसरा सिलिंडर परदेशातनं आणायला परवाना लागतो, आन तो मिळंपतोर साहेब रिटायर होईल. माझी पण इज्जत गेली, साहेबाचा पण शौक गेला. माझ्या दुकानात सगळे घाईवाले. इथं तुमच्याबिगर कोण हाय?"

साडूंनी इंजिनावर तळहात ठेवला. डॉक्टर पोरांच्या पोटावर ठेवतात तसा. मंग जे म्हणाले त्यानं आक्का चुलीपासनं उठून दारात आली. "मला काही द्यायचं नाही," ते म्हणाले. "पण रुळलं की साहेबाला द्यायच्या आधी एकदा मी त्याला पुरी रेस देणार. स्वतः बसून. एकदाच."

पुरी रेस म्हणजे एक्सिलेटर तळापतोर दाबून, इंजिनाची असंल नसंल तेवढी ताकद काढायची. बाशिंग बांधून बसल्यापासनं त्या माणसानं स्वतःसाठी असं काही मागितलेलं आक्काच्या ऐकिवात नव्हतं. चाचा म्हणाले, "कबूल."

चालवायला मी. साडू म्हणाले, "चालवणाऱ्याला इंजिनाचं नुसतं ओरडणं ऐकू येतं. ते बोलतं काय, हे बाहेर उभं राहून ऐकावं लागतं. मी ऐकणार. आणि बसायला असा माणूस पाहिजे, की ज्याच्याकडून चुकूनही गाडी पळणार नाही." तिथं जमलेल्या सगळ्यांनी एकदम माझ्याकडं बघितलं. आयुष्यात एकमतानं निवडून यायची ही माझी पहिली वेळ.

भोसरीच्या अंगाला माळावर औद्योगिक वसाहतीसाठी नवा डांबरी रस्ता झाला व्हता. प्लॉटचे दगड रोवलेले, पण कारखाने यायचे व्हते. नुसता रस्ता, आन दोन्ही बाजूला कुसळं. रविवारी सकाळी आमी तिथं जायचो. एका तोंडाला मी कांद्याचा टेंपो आडवा लावायचो, कुणी मधी यायला नको म्हणून. दुसऱ्या तोंडाला चाचा. साडू मधोमध, डोळे मिटून, कानामागं हात धरून.

या इंजिनाला तेल पेट्रोलमधनंच पाजावं लागतं, आन कोरं असताना जरा जास्तच. ते तेल मोजायला साडूंनी घरनं बोंडलं आणलं व्हतं, तान्ह्या पोरांना दूध पाजायचं. आक्का महिनाभर त्यांच्याशी बोलली न्हाई. धक्का मारला की इंजिन फुर्र व्हायचं, पांढरा धूर निघायचा, आन मी रिक्षाच्या बेतानं एक फेरी मारायचो. थोडी रेस द्यायची, सोडायची. पुन्हा थोडी, पुन्हा सोडायची. एकाच वेगानं धरून ठेवायचं न्हाई, इंजिनाला एकच सूर लागतो म्हणे. एक फेरी झाली की थांबायचं, पार गार होऊस्तोवर. मी एकदा म्हणलं, "पाणी मारू का वरनं?" साडूंनी माझ्याकडं असं बघितलं, जसं काय मी पोर विहिरीत टाकू का म्हणून विचारलंय. हातानं वारासुद्धा घालू द्यायचे न्हाईत. आमी तिघं त्या गरम इंजिनाभवती आजाऱ्याच्या खाटेभवती बसतात तसं बसायचो, हळू आवाजात बोलत.

गार झालं की चाचा प्लग खोलायचे. प्लगचं टोक पांढरं फटक असलं तर इंजिन आतनं भाजतंय, काळं चिकट असलं तर तेल जास्त. चहाच्या रंगाचं पाहिजे. आता चहाचा रंग घरोघरी वेगळा, म्हणून साडू थर्मासमधनं आक्काचा चहा आणायचे, कपात ओतायचे आन प्लग कपाशेजारी धरून बघायचे. तुलना झाली की तो चहा मला मिळायचा. त्याला पेट्रोलचा वास यायचा. मी प्यायचो, कारण फुकट व्हता.

आन एक गोष्ट साडूंनी माझ्याकडनं घोटून घेतली. गाडीला बंद करायचं बटण नव्हतं. बसल्यावर उजव्या कोपराच्या मागं इंजिनाचं हवा ओढायचं तोंड यायचं, उघडं, वाटीएवढं. साडू म्हणाले, "काही बिघडलं, आवाज बदलला, काहीही झालं तरी विचार करायचा नाही. हात मागे न्यायचा आणि तळवा त्या तोंडावर दाबायचा. हवा तुटते, पेट्रोल-तेल जास्त जातं, आतलं सगळं भिजतं, आणि इंजिन न धरता बंद पडतं." विचार करायचा न्हाई हे मला येतच व्हतं, पण हाताचं जमंना. मंग साडूंनी मला त्यांच्या घरी जमिनीवर पाटावर बसवायचं, मागं तांब्या ठेवायचा, आन मी जेवत असताना, बोलत असताना, कधीबी ओरडायचं, "हात!" मी घास टाकून मागं तांब्याचं तोंड दाबायचो. पुढं पुढं तर एवढं अंगवळणी पडलं की घरी बायकोनं जरा मोठ्यानं हाक मारली तरी माझा हात मागं जायचा. ती म्हणायची, "दाजींनी तुम्हाला यडं केलंय." दाजी म्हणजे साडू. पण तिचं म्हणणं अर्धंच खरं व्हतं, अर्धं काम आधीच झालेलं व्हतं.

असं करत करत इंजिन मोकळं झालं. आवाज बदलला. आधी ते कण्हल्यासारखं करायचं, आता गुणगुणायला लागलं. प्लगला आक्काच्या चहाचा रंग आला. साडू म्हणाले, "आता दसऱ्याला शेवटची फेरी. पाव्हणे एक हलकी मारतील, मग मी बसेन. संध्याकाळी साहेबांना द्या." त्या आठवड्यात साडू जरा वेगळेच दिसायला लागले. सायकलवरनं जाताना पेडलवर पाय दाबून धरायचे. आक्का म्हणाली, झोपेत उजवा पाय हलतो.

दसऱ्याला आपल्याकडं हत्यारं, यंत्रं, गाड्या पुजायची रीत. कंपन्यांतनंसुद्धा मशिनींना झेंडू लागतो. तवा आक्का म्हणाली, पूजा झाल्याशिवाय मी यांना त्या गाडीत बसू देणार न्हाई. आक्का, माझी बायको, चाचा, सगळे माळावर. साडूंनी नियम घातला: हार इंजिनाला न्हाई, चौकटीला; हळद-कुंकू एकाच जागी, बोटानं; नारळ लांब. इंजिनाच्या उघड्या तोंडात ते एरवी स्वच्छ कापडाचा बोळा घालून ठेवायचे, पण आता लगेच चालू करायचं म्हणून तो काढलेला.

आन तिथं मला सुचलं. आता सुचायची मला खोडच. मी म्हणलं, "अहो, पिस्टन कोरा, सिलिंडर कोरा, दोघांची गाठ पडली, महिनाभर एका घरात नांदले, आन लगीन कुणी लावलंच न्हाई! पदरात पाप नको." तबकातल्या अक्षता सगळ्यांच्या हातात दिल्या, मी गळा काढला, "चिरंजीव पिस्टनराव चिंचवडकर, चाचांचे सुपुत्र, आन चिरंजीव सौभाग्यकांक्षिणी सिलिंडरबाई, परदेशच्या, तेलात न्हालेल्या, धुरात वाढलेल्या, कुर्यात् सदा मंगलम्, शुभमंगल सावधान!" सगळे हसले. चाचांनीबी टाकल्या अक्षता. आक्का तर डोळे पुसायला लागली. आन मी, मामा म्हणून, तबकातल्या उरलेल्या सगळ्या मुठीनं उधळल्या.

साडू एकटेच हसले न्हाईत. त्यांनी वाकून इंजिनावरचे तांदूळ एक एक करून वेचले. फुंकर मारली. पुन्हा बघितलं. म्हणाले, "बसा पाव्हणे."

चाचांनी धक्का मारला, इंजिन गुणगुणलं, मी निघालो. अर्धा रस्ता छान गेला. थोडी रेस दिली, सोडली. पुन्हा जरा जास्त दिली, कारण आज सणाचा दिवस, आन सोडली. पण इंजिनानं सोडली न्हाई. ते गुणगुणायचं थांबलं आन किंचाळायला लागलं. माझी मान मागं गेली, टोपी गेली, डोळ्यातलं पाणी कानात गेलं. डांबर बुडाखालनं नदीसारखं पळायला लागलं. आयुष्यात मी एवढ्या जोरात कधीच गेलो नव्हतो, विहिरीत पडलो तवासुद्धा न्हाई.

साडू रस्त्यातनं बाजूला उडी मारत ओरडले, "पाय काढा! रेसवरचा पाय काढा!"

"काढलाय!" मी ओरडलो, आन खोटं वाटायला नको म्हणून दोन्ही पाय उचलून हवेत दाखवले. त्यामुळं ब्रेकवर पाय ठेवायचं ऱ्हाऊन गेलं. तशीच दोन्ही पाय आभाळाकडं करून माझी वरात साडूंच्या समोरनं गेली. पुढं रस्ता संपत व्हता, आन रस्त्याच्या तोंडाला टेंपो आडवा. माझाच. कांद्यानं भरलेला. मी आयुष्यभर त्या टेंपोला शिव्या घातल्या की हलत न्हाई म्हणून, आन आता देवाची करुणा भाकत व्हतो की बाबा, आजच्या दिवस हल.

तेवढ्यात मागनं, किंचाळणाऱ्या इंजिनाच्या वरनं, बायकोची हाक आली. काय म्हणाली ते कळलं न्हाई. पण हाक मोठी व्हती, आन माझा हात आपोआप मागं गेला, तांब्यावर जातो तसा. इंजिनाच्या तोंडानं माझा तळवा असा ओढून धरला की सोडवायची सोयच नव्हती. ते खोकलं, गुरगुरलं, ओकलं, आन बंद पडलं. गाडी सरपटत जाऊन टेंपोच्या बुडाखाली शिरली. वरनं एक गोणी सुटली आन माझ्या मांडीवर येऊन बसली.

सगळे धावत आले. बायको माझ्याकडं, आक्का माझ्याकडं, आन साडू आन चाचा इंजिनाकडं. चाचांनी गाडीचं मागचं चाक धरलं. गिअर-क्लच नसल्यामुळं चाक फिरलं की आतला पिस्टन हलतो; चाक अडलं, तर पिस्टन धरलाय. त्यांनी चाक रेटलं. साडूंनी डोळे मिटले.

चाक फिरलं. आतनं 'चुप, चुप' असा ओला आवाज आला. चाचांनी प्लग खोलून आत बत्ती धरली, धुराची नळी सोडवून तिथनंही बघितलं. "अल्ला मालिक," ते म्हणाले. "एक रेघ न्हाई. आरशासारखं हाय."

मंग त्यांनी हवेचं तोंड खोललं. रेस कमी-जास्त करणारी आत एक सरकती झडप असते. तिच्या आन भिंतीच्या मधी, उघडी तशी अडकवून, कुंकवानं लाल झालेला तांदळाचा एक दाणा बसला व्हता. चाचांनी तो सुईनं काढून साडूंच्या तळहातावर ठेवला. सगळ्यांनी बघितला. मंग सगळ्यांनी माझ्याकडं बघितलं. एकमतानं निवडून यायची ही माझी दुसरी वेळ.

इंजिन गार होऊस्तोवर आमी सुटलेली गोणी परत टेंपोत चढवली. मंग चाचा म्हणाले, "चला भाई. आता तुमची बारी. पुरी सोडा. रुळलंय ते." साडूंनी चष्मा पुसला, सदऱ्याची बाही वर केली आन बसले. त्यांचे गुडघे कानाला लागले. चाचांनी धक्का मारला. मी बाजूला उभा ऱ्हाऊन, त्यांच्यासारखा कानामागं हात धरला. माझ्या मनात येत व्हतं, आता बघा, आता ह्या माणसाच्या इतक्या वर्षांचं सगळं निघंल.

साडू गेले. इंजिन गुणगुणलं. जरा वाढलं, कमी झालं. जरा वाढलं, कमी झालं. रस्त्याच्या टोकाला जाऊन वळले, आन तसेच गुणगुणत परत आले. हळू केलं, तळवा तोंडावर ठेवला, बंद केलं. जावळ काढलेल्या बाळाकडं बघतात तसं इंजिनाकडं बघत बसले.

मी विचारलं, "साडू, पुरी का न्हाई सोडली?"

"सोडणार होतो," ते म्हणाले. "पण ऐकलं ना मघाशी, तुम्ही गेलात तेव्हा. बाहेरून चांगलं ऐकू येतं." मंग हळूच पुढं म्हणाले, "काय आवाज होता हो त्याचा!"

संध्याकाळी साहेबाचा माणूस येऊन गाडी घेऊन गेला. साडूंनी कापडाचा बोळा करून इंजिनाच्या तोंडात घातला आन तो पडू नये असं त्याला दोनदा बजावलं.

आता त्या माळावर कारखानेच कारखाने झालेत. माझा टेंपो गेला, चाचा गेले. साडू रिटायर होऊन तळेगावला ऱ्हातात. मी मुद्दाम दरसाल नवी चप्पल घेतो आन रुळवायला म्हणून त्यांच्याकडं घेऊन जातो. त्यांचे गुडघे धरलेत, पण चप्पल बघितली की उठतात. ओसरीवर फेऱ्या मारता मारता रस्त्यावरनं एखादी गाडी गेली की थांबून कान देतात आन म्हणतात, "घाई केली हिच्या मालकानं." परवा असेच फेऱ्या घालत व्हते, पायात माझी चप्पल, आन मी बसलो व्हतो त्यांच्याच एका जुन्या, खोलगट खुर्चीत. तळहात उघडून बघितला मी. इंजिनाच्या तोंडानं उठवलेला गोल शिक्का कवाच गेलाय, पण मला अजून दिसतो. ऱ्हावलं न्हाई. म्हणलं, "साडू, आता तरी कबूल करा. त्या दिवशी मी हात ठेवला म्हणून साहेबाचं इंजिन वाचलं का न्हाई?"

साडूंनी फेरी पुरी केली, भिंतीला हात टेकला, आन माझ्या चपलेकडं बघत म्हणाले, "पाव्हणे, तुम्ही नसता तर ते अडकलंच नसतं."